उलाळ : माजरी ते मार्कंडा, मागे ट्रेलर जोडून

पहिल्या वर्षाला ‘अप्लाइड मेकॅनिक्स’ नावाचा एक पेपर असतो. त्यात ‘मोमेंट’ नावाचा एक धडा असतो. बल गुणिले अंतर. व्याख्या पाठ करून मीही पास झालो. पण मोमेंट म्हणजे काय हे मला खऱ्या अर्थाने समजले ते गेल्या डिसेंबरमध्ये, माजरीच्या आमच्या अंगणात. शिकवणारी होती माझी आजी. तिचे शिक्षण चौथी पास!

झाले असे की, आजीला मार्कंड्याला जायचे होते. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंडेश्वराची हेमाडपंती देवळे आहेत, हे आपल्या भागात सर्वांना माहीत आहे. तिथे वैनगंगा उत्तरेकडे वळते, म्हणून त्या जागेला ‘विदर्भाची काशी’ म्हणतात. आजीचे सासर मूलजवळचे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी महाशिवरात्रीला सासूसोबत ती बंडीने मार्कंड्याला गेली होती. पुढे आजोबा कोळशाच्या खाणीत लागले, कुटुंब माजरीला आले आणि परत जायचे राहून गेले. आता आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दोन्ही गुडघे गेलेले. तासाभरापेक्षा जास्त बसवत नाही, मग आडवे व्हावे लागते. वाटेतल्या संडासात उकिडवे बसता येत नाही. एसटीने नेणे शक्यच नव्हते.

तेव्हा काकांच्या डोक्यात कल्पना आली. जीपच्या मागे छोटा बंद ट्रेलर जोडायचा. त्यात बाज, पाण्याचा ड्रम, कमोडची खुर्ची, स्टोव्ह. थांबलो की आजीची खोली तयार! परदेशात लोक अशी ‘कॅराव्हॅन’ ओढत महिनोन्‌महिने फिरतात. आपल्या राज्य शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पण खरे पाहिले तर मागे काहीतरी जोडून ओढणे आपल्याला नवीन नाही. धानाची ट्रॉली, बांबूची ट्रॉली, खाणीत यंत्रे आणणारे लांबलचक ट्रेलर आपण रोज बघतो. फक्त त्यामागचे गणित कोणी बघत नाही. ते गणित आणि त्यावरून रस्ता कसा ठरवायचा, हा या लेखाचा विषय.

१. आधी कायदा

ट्रेलर हे मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे नोंदणी करण्याचे वाहन आहे. म्हणजे वर्कशॉपमध्ये आख आणि पत्रा जोडून ‘आमचा प्रोजेक्ट’ म्हणून तो रस्त्यावर आणता येत नाही. आम्ही नोंदणी असलेला दोन चाकी ट्रेलर भाड्याने घेतला. त्यात काही ठोकले नाही, कापले नाही. सामान फक्त पट्ट्यांनी बांधले. मागचे लाल दिवे, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर आणि नंबर हे जीपपासून वायर नेऊन चालू आहेत का ते तपासले. हुकाशिवाय दोन साखळ्या खालून एकमेकींना छेद देऊन लावल्या. हुक निसटला तर दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो.

पहिलाच वाद मात्र घरात झाला. बाबा म्हणाले, “आईला ट्रेलरमध्येच झोपवू, आरामात जाईल.” मी नाही म्हटले. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, हा सुरक्षेचा साधा नियम आहे. तिथे पट्टा नाही, खिडकीतून ओरडले तरी चालकाला ऐकू येत नाही आणि ट्रेलर उलटला तर जीप उभी राहूनही आतला माणूस वाचत नाही. लग्नाच्या वऱ्हाडाच्या, जत्रेच्या ट्रॉल्या उलटल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतोच. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी ठरले : आजी जीपमध्ये समोर बसेल, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी आपण थांबू, आणि थांबल्यावर ती मागे जाऊन आडवी होईल. ही एक गोष्ट ठरली आणि त्यावरूनच पुढे सगळा रस्ता ठरला.

२. उलाळ

आता मुख्य धडा. सामान भरून आम्ही कॉलनीबाहेरच्या सरळ रस्त्यावर चाचणी घ्यायला निघालो. शंभर लिटरचा ड्रम मागच्या दारापाशी ठेवला होता, नळ बाहेरून हाताशी यावा म्हणून. वेग चाळीसच्या पुढे गेला आणि ट्रेलरचे शेपूट डावीकडे-उजवीकडे हलू लागले. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. काकांनी ब्रेक मारला नाही, स्टिअरिंगशी झटापट केली नाही, फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच उचलला. वेग उतरला तसा झोका थांबला. (हेच बरोबर आहे, लक्षात ठेवा. ब्रेक दाबला असता तर ट्रेलरने जीपला मागून ढकलून आडवे केले असते.)

घरी आलो तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरलेले. आजी बाजेवर बसून बघत होती. म्हणाली, “पाणी मांगं कायले ठेवलं रे बाबू? मांगं ठेवलं तं उलाळ होईन ना! बैलाचा गळा दाबते.”

शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. बंडीत मागे वजन जास्त झाले की पुढचे जू वर उचलले जाते आणि बैलाच्या गळ्याखालचा पट्टा आवळतो. त्याला ‘उलाळ’ म्हणतात. उलट पुढे फार वजन झाले तर सगळा भार बैलाच्या मानेवर येतो. बंडी भरणारा माणूस जू हाताने उचलून बघतो. जू थोडे जड लागले पाहिजे. फार नाही, पण जड.

ट्रेलरचेही अगदी तेच आहे. हुकावर पडणारे वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण ८ ते १० टक्के असावे. आम्ही धान मोजायचा काटा दांड्याखाली ठेवून ते मोजले आणि एकूण वजन धर्मकाट्यावर केले. माजरीत काय, कोळशाच्या ट्रकांमुळे काट्याला तोटा नाही!

ड्रम सोडून ट्रेलर ५०० किलो. हुकावर ४५ किलो, म्हणजे ९ टक्के. उत्तम. हुकापासून आखापर्यंतचे अंतर २.४ मीटर. आता १०० किलोचा ड्रम आखाच्या १ मीटर मागे ठेवला. आखाभोवती मोमेंट घ्या : १०० × १ ÷ २.४ = सुमारे ४२ किलो. एवढे वजन हुकावरून कमी झाले. उरले फक्त ३ किलो! ६०० किलोच्या ट्रेलरला अर्धा टक्का. उलाळच म्हणायची.

आता तोच ड्रम आखाच्या ०.३ मीटर पुढे ठेवा. १०० × ०.३ ÷ २.४ = १२.५ किलो वाढले. हुकावर झाले ५७.५ किलो, म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या वर. ड्रम जेमतेम सव्वा मीटर सरकवला. दुसऱ्या चाचणीत त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, ट्रेलर सरळ रेषेत मागे आला.

यातून तीन नियम. जड वस्तू आखाजवळ आणि जमिनीवर. हलक्या वस्तू टोकांना आणि वर. दोन्ही बाजूंना सारखे वजन. चौथा आमच्या चुकीतून शिकलो : पाणी वापरले की वजन बदलते. म्हणून ड्रम आखाजवळच ठेवा. तिथे तो रिकामा झाला तरी हुकावर फार फरक पडत नाही. अर्धवट भरलेले पाणी हिंदकळते म्हणून एका ड्रमऐवजी छोट्या कॅन घेतल्या तर आणखी चांगले.

३. वळणावर पायथागोरस

जीप वळते त्याच मार्गाने ट्रेलर वळत नाही, तो आतून कापतो. किती? सगळी चाके एकाच केंद्राभोवती फिरतात असे धरा आणि काटकोन त्रिकोण काढा.

बाजारातल्या कोपऱ्यावर जीपचा मागचा आख ६ मीटर त्रिज्येवर आहे. जीपच्या दोन आखांतले अंतर २.७ मीटर. म्हणून पुढचा आख ६.५८ मीटर त्रिज्येवर. हुक मागच्या आखाच्या १ मीटर मागे, म्हणून हुकाची त्रिज्या ३७ चे वर्गमूळ, ६.०८ मीटर. आता आमच्या ट्रेलरसाठी : ३७ मधून २.४ चा वर्ग (५.७६) वजा, उरले ३१.२४, वर्गमूळ ५.५९ मीटर. म्हणजे जीपची पुढची चाके जिथून गेली त्याच्या सुमारे १ मीटर आतून ट्रेलरची चाके जाणार. नुसत्या जीपला हा फरक ५८ सेंटिमीटर असतो. आणि हुकापासून आखापर्यंत ४ मीटर असलेला मोठा ट्रेलर असता तर? ३७ वजा १६ म्हणजे २१, वर्गमूळ ४.५८. फरक पूर्ण २ मीटर! तेवढ्यात एक पानठेला आणि त्यापुढे लावलेल्या दोन सायकली सहज येतात.

लांब ट्रेलर वळणावर जास्त जागा खातो, पण मागे घेताना समजूतदार असतो. छोटा ट्रेलर वळणावर सोपा, पण रिव्हर्समध्ये दोन सेकंदांत जीपशी काटकोन करतो. मागे घेताना ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते. काका वीस वर्षे गाडी चालवतात, तरी त्यांनी दोन संध्याकाळी मैदानात विटा मांडून सराव केला. ज्याला रिव्हर्स जमत नाही त्याने ट्रेलर जोडूच नये.

४. ब्रेक आणि जंगल

आमच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नव्हते. जीप माणसांसह २००० किलो धरू. कोरड्या डांबरी रस्त्यावर तिचे टायर तिला सुमारे ५.९ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे मंदन देऊ शकतात असे समजा. मागे ६०० किलो जोडले की तेच ब्रेक २६०० किलो थांबवणार. मंदन उतरते ४.५ वर.

ताशी ६० किलोमीटरला नुसती जीप ब्रेक लागल्यावर साधारण २४ मीटरमध्ये थांबेल. ट्रेलरसह ३१ मीटर. त्यात चालकाचा एक सेकंद मिळवा, म्हणजे आणखी १७ मीटर. एकूण ४८ मीटर. ताशी ४० ला हाच हिशेब सुमारे २५ मीटर येतो. वेग एक तृतीयांश कमी केला आणि अंतर जवळजवळ निम्मे झाले.

हे आकडे कुठे लागतात? चंद्रपूर-मूल रस्त्यावर. हा रस्ता दाट जंगलातून जातो. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प याच्या उत्तरेला आहे आणि रस्ता कोणाचा आहे हे चितळ, रानडुक्कर किंवा वाघ विचारत नाहीत. झाडीतून जनावर येते ते तीस मीटरवर दिसते, शंभरवर नाही. म्हणून आम्ही वहीत पहिलीच ओळ लिहिली : जंगलात वेग ४०, आणि जंगलाचा पट्टा सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळातच. पहाट आणि संध्याकाळ ही जनावरांची वेळ, ती त्यांना सोडायची.

५. रस्ता ठरवताना

नकाशा पुढे घेतला की आपण आधी किलोमीटर मोजतो. ट्रेलर असेल तर आधी तीन गोष्टी मोजा : कुठे थांबता येईल, कुठे वळता येईल, आणि कुठून परत फिरता येईल. मी आणि एक मित्र आधी मोटारसायकलने सगळा रस्ता फिरून आलो आणि वहीत या तीन खुणा करत गेलो.

माजरीहून निघताना रेल्वे फाटके आहेत. रुळांचा उंचवटा, खेड्यातले गतिरोधक आणि नाल्यावरचे रपटे इथे ट्रेलरचा दांडा किंवा पुढचे छोटे टेकूचाक घासते. टेकूचाक पूर्ण वर घेऊन बांधा आणि अगदी हळू पार करा. कोळशाच्या ट्रकांमागे अंतर ठेवा. धूळ असते आणि दव पडले की तीच निसरडी होते.

चंद्रपुरात गोंडराजांचा परकोट आणि जटपुरा गेट आजीला दाखवायचे होते. पण त्या वेशीतली गर्दी आणि वरचा पायथागोरस यांचा मेळ बसेना. ट्रेलर शहरात न्यायचाच नाही असे ठरले. वरोरा नाक्यावरून बंगाली कॅम्पकडे आणि तिथून सरळ मूल रस्त्याला. परकोट आजीने आधी पाहिलेला आहे, तिने माफ केले!

मूलपासून पुढे दोन वाटा. एक हरणघाटावरून वैनगंगा ओलांडून थेट चामोर्शी, ही जवळची. दुसरी सावली, व्याहाड, वैनगंगेचा पूल, गडचिरोली आणि मग चामोर्शी, ही पंचवीसेक किलोमीटर लांबची. आम्ही लांबची निवडली. कारण तीन : गडचिरोलीला जिल्हा रुग्णालय आहे, टायरवाला आणि वेल्डिंगवाला आहे, आणि मधल्या प्रत्येक गावाजवळ आमच्या वहीत परत फिरायची जागा मिळाली होती. डिसेंबरमध्ये आतल्या रस्त्यांवर धानाच्या बंड्या आणि ट्रॉल्या असतात. समोरासमोर आलो तर मागे कोणी घ्यायचे?

मित्रांचा आग्रह होता की तसेच पुढे आलापल्लीचे सागवान बघत भामरागडला जाऊ. रस्त्याचे सौंदर्य विचाराल तर त्याला तोड नाही. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती तिथे भेटतात. अलीकडेच हेमलकसा, जिथे १९७३ पासून लोक बिरादरी प्रकल्प उभा आहे. पण आलापल्लीनंतर मोठे गाव नाही, अलीकडे सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांची वर्दळ त्या भागातल्या रस्त्यांवर वाढलेली आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. आमच्या वहीत त्या भागात ‘परत फिरायची जागा’ हा रकाना रिकामा राहिला. तो रस्ता ट्रेलरशिवाय, वेगळ्या सहलीला ठेवला.

मुक्कामाचे म्हणाल तर जंगल सुंदर दिसले म्हणून तिथे ट्रेलर लावायचा नाही. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणे आणि आग पेटवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि शहाणपण म्हणूनही ते चुकीचे आहे. आमचे मुक्काम दोनच : मूलला आत्याचे अंगण आणि चामोर्शीला ओळखीच्यांचे अंगण.

६. प्रत्यक्ष प्रवास

पहिल्या दिवशी साडेसातला निघालो. भद्रावतीला पहिला थांबा. विजासनची लेणी आजीने जीपमधूनच बघितली. पाऊण तासाच्या प्रत्येक थांब्यावर आमची कवायत ठरलेली : एकाने चाकांपुढे-मागे दगड लावायचे, एकाने ट्रेलरच्या चाकाच्या मध्यभागी हात लावून बघायचे (हात ठेववत नाही इतके गरम असेल तर बेअरिंग बोलते आहे), एकाने हुक, साखळी, दिवे बघायचे. आई आजीला मागे नेऊन आडवे करायची. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळले. दोन सैल निघाले! जंगलाच्या पट्ट्यात मागे एसटी आणि ट्रकांची रांग लागली की काका रुंद जागा बघून बाजूला घेत आणि सगळ्यांना पुढे जाऊ देत. कोणी हॉर्न वाजवला म्हणून आम्ही वेग वाढवला नाही. एकला मूल गाठले. नव्वदच्या आसपास किलोमीटर, थांब्यांसह साडेपाच तास.

दुसऱ्या दिवशी व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल आला तेव्हा आजी बोलू लागली. बंडीने जाताना नदी कशी ओलांडली, सासूने कुठे दशम्या सोडल्या, बैलांना कुठे पाणी दाखवले. मी ऐकत होतो आणि वहीत बघत होतो. पाणी, सावली, बंडी वळवायला जागा. त्यांचे थांबे आणि आमचे थांबे एकाच हिशेबाने ठरलेले होते. फक्त त्यांनी ते लिहून ठेवले नव्हते.

मार्कंड्याला आम्ही यात्रा टाळून गेलो होतो. यात्रेत एवढी गर्दी असते की ट्रेलर घेऊन जायचा विचारही करू नये. देवळांपासून बराच आधी, जिथून सरळ बाहेर पडता येईल अशा जागी तो लावला. बाबांनी आणि मी आजीला खुर्चीसकट उचलून नेले. ती बराच वेळ नदीकडे बघत बसली. मग म्हणाली, “पाणी कमी हाय. पर वळण तेच हाय.” बाबांनी तोंड फिरवले. त्या रात्री चामोर्शीला ट्रेलर जीपपासून सोडवून, चारही कोपऱ्यांना टेकू देऊन उभा केला, आणि आजी तिच्या ‘खोलीत’ सकाळपर्यंत गाढ झोपली. बाबा म्हणाले, “बरं झालं, चालताना नाही झोपवलं.” वाद मिटला.

७. वहीचे शेवटचे पान

ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी आमचे शेवटचे पान जसेच्या तसे देतो.

निघण्याआधी : एकूण वजन आणि हुकावरचे वजन प्रत्यक्ष मोजा, अंदाज नको. टायरची हवा थंड असताना बघा. जीपच्या पुस्तिकेत ओढण्याची जी मर्यादा दिली आहे तिच्या आत राहा. जादा चाक ट्रेलरचेही हवे, त्याचा जॅक आणि पाना वेगळा लागतो का ते बघा. दोन्ही आरशांत ट्रेलरची मागची कड दिसली पाहिजे.

रस्त्यात : दिवसाला शंभर किलोमीटर पुरे. दुपारी चारनंतर चाक फिरवायचे नाही. डिसेंबरमध्ये अंधार लवकर पडतो. झोका आला तर पाय उचला, ब्रेक नको. ओव्हरटेक करताना आपली लांबी दुप्पट झाली आहे हे विसरू नका.

रस्ता निवडताना : परत फिरायची जागा माहीत नसेल त्या फाट्यात शिरू नका. गाडीतल्या सर्वांत अशक्त माणसाला जेवढा वेळ बसवते तेवढ्या अंतरावर थांबा धरा.

यंदा पहिल्या वर्षाच्या मुलांना मोमेंटचे गणित आले की मला बोलवा, ड्रमचे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवीन. मात्र उत्तरात ‘अस्थिर’ असा शब्द न लिहिता ‘उलाळ’ लिहिला तर सर गुण देतील की नाही, याची हमी माझी नाही!